उत्तरेचे दर्यावर्दी आणि अरब प्रवाशांची लेखणी

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानासाठी मी युरोपच्या उत्तर टोकाला राहणाऱ्या नॉर्स लोकांचा विषय घेतला आहे. नॉर्वे, स्वीडन, डेन्मार्क आणि पुढे आइसलँड या देशांत राहणाऱ्या या लोकांना जग 'व्हायकिंग' या नावाने ओळखते. विषयाचे नाव ऐकून काही पालकांच्या मनात येईल की, लोणावळ्याच्या आणि मावळातल्या मुलांचा या बर्फाळ मुलखाशी संबंध काय? संबंध आहे, आणि वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. हजार-अकराशे वर्षांपूर्वी या लोकांविषयी ज्यांनी विश्वासाने लिहून ठेवले, त्यांत अरब लेखक अग्रभागी आहेत. आणि त्यांतला एक थोर लेखक आपल्या घाटाखाली, चौलच्या बंदरात, स्वतः येऊन गेलेला आहे.

प्रथम आपल्या जागेचा विचार करू. आपण ज्या घाटाच्या माथ्यावर राहतो, तो बोरघाट ही देशाला समुद्राशी जोडणारी फार जुनी वाट आहे. चौल, कल्याण, सोपारा या बंदरांत उतरलेला माल बैलांच्या पाठीवर घाट चढून देशावर जात असे. लोणावळ्याहून जवळच असलेल्या कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर ब्राह्मी लिपीत दात्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांत सोपाऱ्याचा दाता आहे, दूर कर्नाटकातील वैजयंतीचा शेठ भूतपाल आहे, आणि स्वतःला 'यवन' म्हणवणारे धेनुकाकटाचे कित्येक रहिवासी आहेत. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीही मावळ हा जगापासून तुटलेला डोंगराळ कोपरा नव्हता. या वाटेवर परका माणूस ही नवलाची गोष्ट नव्हती.

या वाटेच्या पायथ्याशी असलेल्या चौलला अरब लेखक 'सैमूर' म्हणत. हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६-१७ च्या सुमारास, बगदादचा अल-मसूदी तेथे आला. त्या वेळी देशावर राष्ट्रकूटांचे राज्य होते आणि उत्तर कोकणात त्यांचा मांडलिक शिलाहार राजा झंझ राज्य करीत होता. मसूदीने राजाचे नाव नोंदले आहे. सैमूरमध्ये सुमारे दहा हजार मुसलमान राहतात, असे तो लिहितो. काही सीराफ, ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले, आणि काही याच भूमीवर मुसलमान आईबापांच्या पोटी जन्मलेले. त्यांच्या आपापसातील कारभारासाठी त्यांच्यातलाच एक प्रतिष्ठित माणूस प्रमुख म्हणून असे. त्या वेळच्या प्रमुखाचे नाव अबू सईद मारूफ बिन जकरिया होते, हेही मसूदीने लिहून ठेवले आहे.

हा मसूदी पुढे आपल्या ग्रंथात एका वेगळ्याच समाजाची हकीकत सांगतो. हिजरी ३०० नंतर 'रूस' नावाचे लोक सुमारे पाचशे जहाजे घेऊन व्होल्गा नदीच्या वाटेने कास्पियन समुद्रात उतरले, प्रत्येक जहाजात शंभर माणसे होती, असे तो म्हणतो. त्या समुद्राच्या काठच्या लोकांनी तोवर फक्त व्यापाऱ्यांच्या आणि कोळ्यांच्या नावा पाहिल्या होत्या. त्यामुळे गिलान, तबरिस्तान आणि बाकूकडील किनाऱ्यावर हाहाकार उडाला. परत जाताना खझर राजाच्या पदरी असलेल्या मुसलमान सैनिकांनी या रूसांना गाठले आणि तीन दिवसांच्या लढाईत त्यांचा बहुतेक नाश केला. मसूदी येथेच थांबत नाही. पूर्वी दूर पश्चिमेला अंदलुसच्या किनाऱ्यावर जहाजांतून येऊन ज्यांनी हल्ला केला, ते लोकही हेच असावेत, असा तर्क तो करतो. आज इतिहासकार सांगतात की, इ. स. ८४४ मध्ये सेव्हिल शहर लुटणारे नॉर्स होते, आणि कास्पियनवर आलेल्या रूसांचे मूळही बहुतांशी स्वीडनकडील नॉर्स लोकांतच होते. नकाशे अपुरे असताना, स्पेन आणि कास्पियन यांच्यामध्ये हजारो मैल असताना, चौलचे पाणी प्यालेल्या या माणसाने दोन टोके बरोबर जोडली. बहुश्रुतपणा म्हणतात तो हा.

आता हे नॉर्स लोक होते तरी कोण? 'व्हायकिंग' हे मुळात जातीचे किंवा देशाचे नाव नव्हे. समुद्रावर लुटीला जाणाऱ्या माणसाला त्यांच्या भाषेत तो शब्द होता. बहुसंख्य नॉर्स लोक शेतकरी होते. जव पेरावे, गुरे-मेंढ्या पाळाव्या, मासे पकडून वाळवावे, हा त्यांचा धंदा. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी लाकूडफाटा, गवत आणि धान्य यांची बेगमी करतात, तशी ते हिवाळ्यापूर्वी करीत. आपल्या कोकणचा दर्यावर्दी पावसाळा संपला म्हणजे गलबत पाण्यात लोटतो. नॉर्स माणूस वसंतातली पेरणी उरकून समुद्रावर निघे. कोणी व्यापाराला जाई, कोणी नव्या जमिनीच्या शोधात जाई आणि कोणी लुटीला. पुष्कळदा एकाच जहाजातले तेच लोक बळकट गावाशी व्यापार करीत आणि दुबळे गाव लुटीत.

इ. स. ७९३ मध्ये इंग्लंडच्या लिंडिसफार्न बेटावरील मठ त्यांनी लुटला आणि तेथून त्यांची दुष्कीर्ती सुरू झाली. लुटले गेलेले मठवासी हेच त्या काळी पश्चिम युरोपात लिहिणारे लोक होते. त्यामुळे पुढील कित्येक शतके युरोपने हा समाज मठवाशांच्या लेखणीतूनच पाहिला. त्यांचे दुःख खरे होते, त्यांनी लिहिलेला अत्याचारही खरा होता. पण नांगर धरणारा, जहाज बांधणारा, न्यायसभेत बसणारा नॉर्स माणूस त्या पानांत फारसा आलाच नाही. काहींच्या कृत्यांवरून साऱ्या समाजाला एक नाव चिकटले. विद्यार्थी मित्रांनो, एखाद्या समाजाविषयी एकच शब्द वारंवार कानांवर आला, तर तो शब्द कोणी लिहिला आणि तो लिहिताना त्याने त्या समाजाचे काय काय पाहिले होते, हे विचारायची सवय लावून घ्या. ही सवय तुम्हांला इतिहासाच्या पेपरापुरतीच नव्हे, तर आयुष्यभर उपयोगी पडेल.

अरब लेखकांकडे वळले की याच लोकांची दुसरी बाजू दिसू लागते. नवव्या शतकातील इब्न खुर्दाजबिह हा खलिफाच्या डाक खात्याचा अधिकारी. रस्ते आणि मुक्काम यांची नोंद ठेवणे हे त्याचे कामच होते. तो लिहितो की, रूस व्यापारी बीव्हर नावाच्या पाणप्राण्याची आणि काळ्या कोल्ह्याची कातडी व तलवारी घेऊन दक्षिणेकडे येतात, आणि कधीकधी उंटांवर माल लादून थेट बगदादपर्यंत पोचतात. दहाव्या शतकाच्या आरंभीचा इब्न रुस्ता त्यांच्या पाहुणचाराची तारीफ करतो आणि आसऱ्याला आलेल्या परक्याला ते कसे सांभाळतात हे सांगतो. मुलगा जन्मला की बाप त्याच्यापुढे नंगी तलवार ठेवतो आणि हिच्या बळावर मिळवशील तेवढीच तुझी इस्टेट असे बजावतो, हेही तोच सांगतो. गुण आणि दोष दोन्ही एकाच लेखणीने लिहिलेले आहेत.

या सर्वांत प्रसिद्ध आहे तो इब्न फदलान. व्होल्गा नदीकाठच्या बुल्गार लोकांच्या राजाने खलिफा अल-मुक्तदिर याच्याकडे धर्मशिक्षक आणि मशीद व किल्ला बांधण्यासाठी मदत मागितली होती. त्यासाठी जून ९२१ मध्ये बगदादहून एक शिष्टमंडळ निघाले आणि मे ९२२ मध्ये आजच्या रशियातील कझान शहराच्या परिसरात पोचले. खलिफाचे पत्र वाचून दाखवण्याचे काम इब्न फदलानकडे होते. वाटेत थंडी अशी की, हमामातून बाहेर पडल्यावर दाढीचा बर्फाचा गोळा होई आणि तो शेकोटीपाशी वितळवावा लागे. उन्हाळ्यात त्या देशात रात्र किती लहान असते याचा त्याने सांगितलेला अनुभव तर तुम्हांला विशेष वाटेल. बगदादचा एक शिंपी त्या राजाच्या पदरी होता. त्याच्याशी इब्न फदलान तंबूत गप्पा मारत इशाच्या अजानची वाट पाहत बसला. अजान झाली म्हणून दोघे बाहेर आले, तो पूर्वेला उजाडलेले! मुअज्जिनला विचारले तेव्हा कळले की ही फजरची अजान आहे, आणि इशाची नमाज तेथे मगरिबबरोबरच पढतात.

तेथेच नदीकाठी त्याने व्यापाराला आलेले रूस पाहिले. इतके धिप्पाड आणि सुंदर शरीराचे लोक आपण पाहिले नाहीत, असे तो मोकळेपणाने लिहितो आणि त्यांना खजुराच्या झाडांची उपमा देतो. प्रत्येकाजवळ कुऱ्हाड, तलवार आणि सुरा. त्यांच्या बायका गळ्यात सोन्या-चांदीच्या हसळ्या घालीत आणि हसळ्यांच्या संख्येवरून नवऱ्याची श्रीमंती समजे. व्यापार चांगला व्हावा म्हणून ते लाकडी मूर्तींपुढे भाकरी, मांस, कांदे ठेवीत. त्यांच्या अस्वच्छतेची मात्र त्याला शिसारी आली. एकाच घंगाळातल्या पाण्यात ते सगळे पाळीपाळीने तोंड धूत, हे तो न लपवता सांगतो.

एका सरदाराचा अंत्यविधीही त्याने पाहिला. प्रेत जहाजात ठेवून, त्याच्याबरोबर शस्त्रे, जनावरे आणि एका दासीला मारून, ते जहाज पेटवून देण्यात आले. दासीच्या मृत्यूचे ते वर्णन वाचताना आजही अंगावर काटा येतो. त्या वेळी शेजारी उभ्या असलेल्या एका रूसाने त्याला हिणवले की, तुम्ही अरब वेडे आहात, आपल्या लाडक्या माणसाला मातीत पुरून किड्यांच्या हवाली करता. आम्ही त्याला जाळतो, तो क्षणात स्वर्गात जातो. इब्न फदलानने हे बोलणे दुभाष्याकडून समजून घेतले आणि स्वतःच्या रिवाजाविरुद्धचा तो टोमणा जसाच्या तसा लिहून ठेवला. आपल्याला न पटणाऱ्या माणसाचे म्हणणेही नीट उतरवून घेणे, हा विद्वत्तेतला प्रामाणिकपणा आहे. त्यामुळेच आज स्वीडन-नॉर्वेचे विद्वान आपल्याच पूर्वजांची माहिती मिळवण्यासाठी हे अरबी पुस्तक अभ्यासतात.

पण हे पुस्तकही थोडक्यात वाचले. शतकानुशतके त्याचे काही उतारेच ठाऊक होते. १९२३ मध्ये झेकी वलीदी तोगान या बश्कीर विद्वानाला इराणातील मशहदच्या ग्रंथालयात त्याची एक हस्तलिखित प्रत सापडली. तिचीही शेवटची पाने नाहीत. ती प्रत कोणा लेखनिकाने उतरवली नसती, किंवा ग्रंथपालाने रद्दी म्हणून फेकली असती, तर मी आज जे सांगितले त्यातले बरेचसे सांगता आले नसते.

लेखांबरोबर नाण्यांची साक्षही आहे. नॉर्स लोकांची त्या काळी स्वतःची नाणी जवळजवळ नव्हती. ते चांदी तोलून घेत. घडीचा लहान तराजू बरोबर बाळगीत, सराफासारखे नाण्याला चाकूने टोचून कस पाहत, आणि सुटे हवे असतील तर नाण्याचे तुकडे करीत. ही चांदी आली ती मुख्यतः समरकंद, बुखारा, ताश्कंद आणि बगदादच्या टांकसाळींतून. स्वीडनच्या गॉटलँड बेटावर स्पिलिंग्ज येथील शेतात १९९९ मध्ये सापडलेल्या एका ठेव्यात सुमारे ६७ किलो चांदी होती आणि १४ हजारांहून अधिक नाणी होती, बहुतेक अरबी दिरहम. दिरहमवर कलमा असतो आणि त्याबरोबर टांकसाळीच्या शहराचे नाव व हिजरी सनही. त्यामुळे ज्या समाजाने स्वतः तारखा लिहिल्या नाहीत, त्यांच्या घरांचे आणि कबरींचे कालमापन करण्यासाठी संशोधक या नाण्यांची मदत घेतात.

मात्र ही चांदी कशाच्या बदल्यात गेली, हेही सांगायला हवे. कातडी, मध, मेण आणि तलवारी गेल्या, तशी माणसेही विकली गेली. स्लाव मुलखातून आणि आयर्लंडमधून धरून आणलेली माणसे नॉर्स व्यापाऱ्यांनी बाजारात उभी केली, आणि घेणारे ख्रिस्ती होते तसे मुसलमानही होते. इतिहास वाचायचा तो सगळा. आपल्याला अभिमान वाटेल तेवढीच पाने उलटायची असतील, तर त्याला अभ्यास म्हणता येणार नाही.

याच संदर्भात एक गोष्ट सांगतो. २०१७ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातून बातमी आली की, व्हायकिंग काळातील कबरीतल्या एका रेशमी पट्टीवर 'अल्लाह' ही अक्षरे विणलेली आहेत. जगभरच्या वृत्तपत्रांनी ती छापली आणि अनेक मुसलमानांना आनंद झाला. पण इस्लामी कलेच्या जाणकारांनी लगेच दाखवून दिले की, ज्या चौकोनी वळणाच्या अक्षरांचा दावा केला आहे, ती पद्धत त्या काळानंतर कित्येक शतकांनी रूढ झाली. आनंदाची बातमीसुद्धा पारखून घ्यावी लागते. दिरहमांसारखा भक्कम पुरावा हाताशी असताना कच्च्या पुराव्यावर विसंबायची आपल्याला गरजही नाही.

पूर्वेकडून तिकडे नाण्यांखेरीज आणखीही काही पोचत होते. स्वीडनमधील हेल्गो बेटावर १९५० च्या दशकातील उत्खननात वायव्येकडील स्वात खोऱ्याच्या बाजूची, पाचव्या-सहाव्या शतकातील, एक छोटी ब्राँझची बुद्धमूर्ती मिळाली. कार्ल्याच्या लेण्याच्या सावलीत वाढलेल्या तुम्हां मुलांना ही मूर्ती तिथल्या मुलांपेक्षा लवकर ओळखता येईल. इ. स. ९६५ च्या सुमारास अंदलुसचा यहुदी प्रवासी इब्राहीम बिन याकूब युरोपात फिरला. जर्मनीतील माइन्झ शहरात त्याने समरकंदचे दिरहम पाहिले आणि मिरी, सुंठ, लवंग हे हिंदकडून येणारे जिन्नसही पाहिले. मलबारची मिरी किती हातांतून तिथे गेली असेल, याची कल्पना करा.

हाच इब्राहीम पुढे हेडेबी या डेन्मार्कच्या बाजारगावी गेला. त्या वेळी तेथे हाराल्ड ब्लूटूथ हा राजा होता. तुमच्या मोबाइलमधील ब्लूटूथला नाव मिळाले ते याच राजावरून. या गावच्या लोकांचे गाणे कुत्र्यांच्या केकाटण्यासारखे आहे, असे इब्राहीम वैतागून लिहितो. पण त्याचबरोबर, येथील स्त्रीला मनात येईल तेव्हा नवऱ्यापासून फारकत घेण्याचा हक्क आहे, हेही नोंदवतो. नॉर्स स्त्रीचा घरात मान मोठा होता. घराच्या किल्ल्या तिच्या कमरेला असत आणि मेल्यावर पुष्कळदा कबरीतही तिच्याबरोबर ठेवीत. नॉर्वेत ओसेबर्ग येथे १९०४ मध्ये उघडलेली सर्वांत वैभवशाली जहाज-कबर दोन स्त्रियांची आहे. दासीला मात्र यातला कोणताच हक्क नव्हता.

जहाजबांधणी ही त्यांची खरी विद्या. एका फळीवर दुसरी अर्धवट चढवून लोखंडी खिळ्यांनी जखडायची, त्यामुळे जहाज हलके आणि लवचिक होई. गोकस्ताद येथे १८८० मध्ये सापडलेले जहाज सुमारे २३ मीटर लांब आहे आणि त्याला ३२ वल्ही होती. असे जहाज उथळ नदीतही जाई. आपल्या समुद्रावरची त्या काळची जहाजे वेगळ्या रीतीने, फळ्यांना भोके पाडून काथ्याच्या दोरीने शिवून करीत. एकाने लोखंड वापरले, दुसऱ्याने नारळाचा काथ्या. जो तो आपल्या मुलखात मिळेल त्यावर अक्कल चालवीत होता. मुंबईत बोरिवलीजवळ एक्सर येथे शिलाहारकालीन वीरगळ उभे आहेत. त्यांवर वल्ह्यांच्या जहाजांची लढाई कोरलेली आहे. गॉटलँड बेटावरच्या चित्रशिळांवरही अशीच जहाजे आणि असेच योद्धे आहेत. दोन्ही शिल्पकारांनी एकमेकांचा देश ऐकलाही नसेल. पण समुद्रावर मेलेल्या माणसासाठी दगड उभारावा, हे दोघांनाही सुचले.

स्वीडनमधील काही दगडांवर त्यांच्या रून लिपीत मजकूर आहे. मुसलमानी मुलखाला ते लोक 'सेर्कलँड' म्हणत. इ. स. १०४० च्या सुमारास इंग्वार नावाच्या पुढाऱ्याबरोबर पुष्कळ तरुण पूर्वेकडे गेले आणि बहुतेक परतले नाहीत. त्यांच्या आठवणीचे सुमारे पंचवीस दगड आजही आहेत. ग्रिप्सहोमच्या दगडावर तोला नावाच्या आईने आपला मुलगा हाराल्ड सोन्याच्या शोधात दूर गेला आणि दक्षिणेत सेर्कलँडमध्ये मेला, असे कोरवून घेतले आहे. ज्यांच्या घरातला मुलगा जहाजावर किंवा आखातात नोकरीला गेला आहे, त्या मातांना या तोलाचे मन वेगळे समजावून सांगायला नको.

आता मूळ मुद्द्यावर येतो. रून लिपीत त्या काळी सोळाच अक्षरे होती. दगडावर, लाकडावर चार ओळी कोरण्यापुरती ती लिपी वापरीत. लांबलचक ग्रंथ लिहिण्याची पद्धत नव्हती. कायदासुद्धा तोंडपाठ असे. आइसलँडमध्ये इ. स. ९३० पासून थिंगवेलिर येथे उघड्या मैदानात वार्षिक सभा भरे. तेथे कायदा सांगणारा अधिकारी दरवर्षी एक-तृतीयांश कायदा म्हणून दाखवी आणि तीन वर्षांत सर्व कायदा लोकांच्या कानांवरून जाई. पाठांतराचे मोल हाफिजांचा आदर करणाऱ्या आपल्या समाजाला सांगायला नको. पण आठवण ठेवणारा माणूस गेला की आठवण जाते, हे त्यांच्या ध्यानात आले. इ. स. १११७-१८ च्या हिवाळ्यात त्यांनी कायदा लिहून काढायला घेतला. नंतर तेराव्या शतकात तेथील लोकांनी आपल्या पूर्वजांच्या कथा, राजांचे इतिहास, शेतकऱ्यांची भांडणे, आयाबायांचे शहाणपण हे सारे वासराच्या कातड्यावर लिहून ठेवले. १२४१ मध्ये मारला गेलेला स्नोरी स्टुर्लुसन हा त्यांतला सर्वांत मोठा लेखक. विशेष असे की, विद्वानांची भाषा लॅटिन असताना या लोकांनी आपल्या घरच्या भाषेत लिहिले.

पुढे देश गरीब झाला आणि या हस्तलिखितांची दुर्दशा झाली. एकाची पाने कपडा बेतण्याच्या नमुन्यासाठी कापली गेली, एकाचे पान धर्मगुरूच्या टोपीत अस्तर म्हणून गेले. आर्नी माग्नुसन या विद्वानाने घरोघर फिरून उरलेली पाने गोळा केली आणि कोपनहेगनला नेली. १७२८ च्या आगीत त्यांतली काही जळाली, बहुतेक मौल्यवान वाचली. अखेर २१ एप्रिल १९७१ रोजी डेन्मार्कने दोन अमूल्य हस्तलिखिते जहाजाने आइसलँडला परत पाठवली, तेव्हा राजधानीच्या धक्क्यावर हजारो लोक त्यांच्या स्वागताला उभे होते. जुन्या पुस्तकांसाठी असे जमलेले लोक मला तलवारी परजणाऱ्या त्यांच्या पूर्वजांपेक्षा मोठे वाटतात.

आता चौलच्या त्या दहा हजार मुसलमानांकडे पुन्हा या. ते काय खात होते, मुलांना कोठे शिकवीत होते, मराठी मुलखातल्या शेजाऱ्यांशी कोणत्या भाषेत बोलत होते? त्यांच्यापैकी कोणाच्या हातची हकीकत आपल्यापर्यंत पोचलेली नाही. एका प्रवाशाने चार ओळी लिहिल्या, म्हणून ते होते एवढे आपल्याला कळते. त्यानंतर दहा वर्षांच्या आतला, शके ८४८ म्हणजे इ. स. ९२६ चा, एक ताम्रपट डहाणूजवळ चिंचणी येथे सापडला आहे. त्यावरून समजते की, राष्ट्रकूटांनी संजाण प्रांताचा कारभार मधुमती, म्हणजे मुहंमद, नावाच्या एका अरबाकडे सोपवला होता. त्याने नदीवर मोफत नाव सुरू केली, वाटसरूंसाठी भात, कालवण आणि तूप देणारे अन्नछत्र घातले, आणि देवीच्या मठिकेला जमीन देण्यास संमती दिली. केवढी मोठी गोष्ट! तांब्यावर कोरली म्हणून ती टिकली. न कोरलेल्या अशा किती गोष्टी गेल्या असतील?

लांब कशाला जा? आपल्या बोरघाटातली रेल्वे १८५६ ते १८६३ या काळात बांधली गेली. इंजिनियर आणि कंत्राटदार यांची नावे पुस्तकांत आहेत. सुरुंग लावणाऱ्या, दगड फोडणाऱ्या, पटकीने मेलेल्या हजारो मजुरांची नावे त्यांत नाहीत. त्यांत सर्व जातिधर्मांचे लोक होते.

म्हणून पालकांना माझी विनंती आहे. घरातल्या पेटीत, माळ्यावर, ट्रंकेत जुने कागद असतील. मोडीतले दस्तऐवज, उर्दू-फारसी पत्रे, निकाहनामे, शाळेचे दाखले, रेल्वेतल्या किंवा जहाजावरच्या नोकरीचे कागद. आपल्याला वाचता येत नाहीत म्हणून ते रद्दीत घालू नका, दिवाळीच्या किंवा ईदच्या साफसफाईत जाळू नका. वाचणारा आज ना उद्या भेटेल, कागद गेला तर मात्र तो परत यायचा नाही. आणि मुलींचे शिक्षण मध्येच तोडू नका. घराची आठवण बायकांजवळ असते. त्यांच्या हातात लेखणी नसली, तर अर्धा इतिहास तोंडातच राहून जातो.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक काम देतो. येत्या सुटीत आपल्या नानी, दादी, नाना किंवा शेजारच्या एखाद्या वृद्धाजवळ बसा. त्यांचे गाव कोणते, ते मावळात कधी आणि का आले, काय धंदा करीत, कोणत्या साली कोणता दुष्काळ किंवा पूर आठवतो, शेजारी कोण होते, हे विचारा आणि एका वहीत लिहा. मराठीत लिहा, उर्दूत लिहा, घरी बोलता त्या दखनीत लिहा. भाषेची लाज बाळगू नका. वर तारीख घाला, सांगणाऱ्याचे नाव घाला. चांगले लिहा तसे कटू असेल तेही लिहा. शेजाऱ्याने आपल्याविषयी काही वेगळे सांगितले, तर तेही इब्न फदलानसारखे प्रामाणिकपणे उतरवून घ्या.

नॉर्स लोकांच्या तलवारी आज संग्रहालयांत गंजलेल्या आहेत. त्यांना जगात मान मिळवून दिला तो काही अरब प्रवाशांनी आणि त्यांच्याच काही नातवंडा-पणतवंडांनी, लिहून. हजार वर्षांनी कोणी मावळच्या मुसलमानांविषयी वाचू लागला, तर त्याच्या हाती काय पडावे हे ठरवण्याची संधी आज तुमच्या हातात आहे. वही चार आण्यांची असो की चाळीस रुपयांची, ती कोरी राहू देऊ नका.